विरणारी पुटकं : प्रकल्प नोंदी, बेळगाव, जून ते सप्टेंबर २०२४

१० जून

विषय पक्का झाला. गिनी पिगच्या अंडाशयातल्या पुटकांची वाढ आणि ऱ्हास. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी तीन विषय पुढे केले होते, त्यातले दोन पाण्याच्या नमुन्यांचे. हा तिसरा त्यांनी जरा चाचरतच सांगितला, कारण त्यासाठी प्राणी मिळणार नाही. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतलं विच्छेदन बंद केलं. माझ्या मते ते योग्यच झालं. जे काही आहे ते आमच्या मागच्या खोलीतल्या कपाटात.

सागवानी पेटी, झाकणाला पितळी कडी. आत खाचांत उभ्या लावलेल्या ८६ स्लाइड्स. प्रत्येकीच्या डाव्या टोकाला पिवळा पडलेला कागद आणि त्यावर शाईने बारीक अक्षर : ‘गि. पि. मादी, डावे अंडाशय, १० वा दिवस, ७ मायक्रॉन’. साल १९७८. दिवस म्हणजे मादी माजावर आल्यापासूनचा. २, ६, १०, १४ आणि १६ असे पाच दिवस पेटीत आहेत. ज्या सरांनी ह्या केल्या ते आमच्याच विभागातून निवृत्त झाले, हल्ली शहापुरात असतात, असं शिपाईकाकांनी सांगितलं.

११ जून

शब्दांचा निकाल आधीच लावून ठेवते. अहवाल इंग्रजीत जाईल, वही मराठीत राहील. ओव्हरी म्हणजे अंडाशय. कन्नडमध्येही तोच शब्द, त्यामुळे वर्गातल्या मैत्रिणींशी बोलताना अडत नाही. साध्या अंड्याला मात्र त्या ‘तत्ती’ म्हणतात. फॉलिकल म्हणजे पुटक. मध्ये अंडपेशी, भोवती पेशींचं वेष्टन, आणि मोठं झालं की आत पाण्याची पोकळी. अंडपेशी निसटून गेल्यावर मागे जे उरतं ते पीतपिंड.

राहिला अट्रेशिया. पुस्तकात ‘अपक्षय’ देतात. आमच्या वडगावात हातमाग जाऊन यंत्रमाग आले, तरी आजी जुन्या लुगड्याबद्दल जे बोलायची तो शब्द घरात टिकून आहे. लुगडं एकदम फाटत नाही, आधी विरतं. धाग्याधाग्यांतलं अंतर वाढतं, उजेडापुढे धरलं की कळतं. अंडाशयातली बहुतेक पुटकंही फुटायची वेळ येण्याआधी विरतात. मी ‘विरणं’ लिहिणार.

१८ जून

आठवडाभर स्लाइड्स नुसत्या साफ केल्या. कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत बसवलेल्या आहेत. बाल्सम मधासारखा पिवळा झालाय, कडेला बुरशीचे धागे शिरलेत. बाल्सम आम्लधर्मी असतो, त्यात वर्षानुवर्षं राहून हिमॅटॉक्सिलिनचा निळा रंग उडत जातो. १४ व्या दिवसाच्या नऊ स्लाइड्स तर नुसत्या गुलाबी दिसतात. पेशी आहेत, पण केंद्रकं विचारू नका.

मॅडमच्या परवानगीने त्या नऊ पुन्हा रंगवायला काढल्या. बाल्सम विरघळवणाऱ्या झायलीनमध्ये बुडवून ठेवल्यात, काचेची वरची पातळ चकती आपणहून सुटली पाहिजे. नखाने उचलायची नाही, हे मॅडमनी दोनदा बजावलं.

२२ जून

चौथ्या दिवशी चकत्या सुटल्या. अल्कोहोलच्या पायऱ्या उतरत पाण्यापर्यंत आणलं, हिमॅटॉक्सिलिन, मग आम्ल-अल्कोहोलचा एक झटका, मग निळेपणा येण्यासाठी पाणी. महाविद्यालयाच्या नळाच्या पाण्यात रंग बराच वेळ जांभळट-तांबूस राहिला. शिपाईकाका म्हणाले, आवारातल्या विहिरीचं घेऊन बघा, पूर्वी तेच वापरायचे. त्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत केंद्रकं निळीशार झाली. निळं व्हायला पाणी थोडं अल्कधर्मी लागतं, आमच्या विहिरीचं तसं असावं. सात वाचल्या, दोन काचांवरची सेक्शनं, म्हणजे अंडाशयाचे पातळ काप, सुटून वाहून गेली. ती आता कधीच परत मिळणार नाहीत याचं फार वाईट वाटलं.

२७ जून

मोजपट्टी बसवली. आयपीसमधल्या पट्टीचं एक घर १० च्या ऑब्जेक्टिव्हला १० मायक्रोमीटर, ४० च्या ऑब्जेक्टिव्हला अडीच.

मोजणीचा नियमही ठरला. एकच पुटक लागोपाठच्या कितीतरी सेक्शनांत दिसतं. अंडाशय मसुराच्या दाण्याहून थोडं मोठं, पण ७ मायक्रोमीटरने (लेबलावरचे मायक्रॉन ते हेच) कापलं की त्याचे शेकडो काप होतात. सगळीकडे दिसेल ते मोजलं तर एकाचे पन्नास होतील. म्हणून दर दहावं सेक्शन घ्यायचं आणि त्यात ज्या पुटकाच्या अंडपेशीचं केंद्रक दिसेल तेवढंच मोजायचं. दहा सेक्शनांचं अंतर ७० मायक्रोमीटर, केंद्रक त्याच्या निम्म्याहूनही लहान, म्हणजे एक पुटक दोनदा हाती लागणार नाही. नियम सोपा आहे, पुस्तकांतून सर्रास दिलेला आहे.

एक गोष्ट खटकली. सगळ्या सेक्शनांत वरून खाली एक पांढरी रेघ आहे, जणू कुणी सुईने ओरखडा काढलाय. २ ऱ्या दिवसाच्या स्लाइड्समध्ये ती ठळक आहे. पुटकांवरून जाते तिथे पेशी फाटल्यासारख्या दिसतात. मोजताना अडथळा होतो.

५ जुलै

आजपासून जिवंत बाजूही सुरू. आतेभावाकडे दोन माद्या आहेत, दोन वर्षांपूर्वी हौसेने आणलेल्या. एक काळी-पांढरी चिंगी, दुसरी भुरी. नर नाही. आत्याचं घर आमच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे सकाळी सात वाजता जाऊन येता येतं. मॅडमची अट होती, जनावराला कसलाही त्रास द्यायचा नाही, टोचायचं नाही, घासून नमुना घ्यायचा नाही, फक्त बघायचं. बघण्यासारखं आहेही. गिनी पिगच्या मादीचा योनिमार्ग एरवी एका पातळ पडद्याने बंद असतो. माजावर आली की तो पडदा उघडतो, तीनचार दिवसांत पुन्हा सांधतो. विताना तो पुन्हा उघडतो. आतल्या अंडाशयात काय चाललंय याची बाहेर टांगलेली पाटीच ती.

एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, अंगाशी धरून उचलायचं. चिंगीचा पडदा आज उघडा. भुरीचा बंद.

आत्या म्हणाली, “रोज उठून ह्यास्नी उचलून काय बघायलीस गं?” सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पेरूच्या फोडी करायला बसली. गिनी पिगला माणसासारखंच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते खाण्यातून द्यावं लागतं, हे तिला आतेभावाने सांगून ठेवलंय. ती पेरू, कोथिंबीर चुकवत नाही.

१२ जुलै

भुरी आज उघडी. चिंगी ८ तारखेलाच बंद झाली.

पापानिकोलाऊ नावाच्या ग्रीक डॉक्टरांचं काम वाचलं. न्यूयॉर्कला कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते गिनी पिगवर काम करत होते. त्यांना नेमक्या निसटायच्या वेळच्या अंडपेशी हव्या होत्या, आणि ती वेळ कळावी म्हणून माद्या मारत बसायचं नव्हतं. नाकात बघायचं छोटं उपकरण वापरून त्यांनी योनीतल्या पेशी रोज काढून तपासल्या आणि पेशींवरून चक्राचा दिवस सांगता येतो हे सहकारी स्टॉकार्ड यांच्यासोबत १९१७ मध्ये छापलं. गिनी पिगचं चक्र सुमारे सोळा दिवसांचं, हे त्यांनी असं रोज बघून बसवलं. पुढे तीच रीत बायकांसाठी वापरून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी निघाली. आपल्याकडच्या दवाखान्यात ‘पॅप’ म्हणून लिहून देतात ती हीच. आईची दोन वर्षांमागे झाली होती. ती चाचणी या जनावरापासून निघाली, हे मला आत्तापर्यंत माहीत नव्हतं.

१७ जुलै, आषाढी एकादशी

सुट्टी होती, तरी प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली. २ ऱ्या दिवसाचं डावं अंडाशय पूर्ण मोजून झालं. पोकळी आलेली पुटकं : निरोगी १४, विरणारी ३.

फार छान वाटलं. अंडपेशी गोल, भोवतीच्या झोनाचा, म्हणजे तिच्या कवचाचा, गुलाबी पट्टा अखंड, केंद्रक स्वच्छ. मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “दुसऱ्या दिवसाला इतकी निरोगी? पुन्हा बघ.” मला थोडं लागलं. नियमाने मोजलंय.

२० जुलै

मॅडमच्या बोलण्याने झोप लागली नाही, म्हणून कॅम्पातल्या खाटकाकडून बकरीची दोन अंडाशयं आणली. प्रकल्पासाठी नव्हे, हाताला ओळख व्हावी म्हणून. ती एरवी टाकूनच देतात. बकरीचं पुटक डोळ्यांनी दिसतं, चार-पाच मिलिमीटरचा पाण्याचा फोड. ट्रेमध्ये मिठाच्या पाण्यात ठेवलं आणि सुईने एक टोचलं. पाणी कारंज्यासारखं उडालं, चष्म्यावर आलं. पाणी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर पेशींच्या झुपक्यात अडकलेली अंडपेशी मिळाली. द ग्राफ यांनी १६७२ मध्ये ही पुटकं पाहिली आणि त्यांनाच अंडी समजून चालले. खरी अंडपेशी फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये कुत्रीच्या पुटकात पाहिली. मधल्या दीडशे वर्षांत कुणी हा थेंब नीट काचेवर घेतला नसेल का, असं वाटत राहिलं.

दुसरं एक पुटक टोचलं ते वेगळं निघालं. बाहेरून तेवढंच, पण करडं, रक्ताच्या बारीक शिरा नसलेलं. आतलं पाणी गढूळ, त्यात सुटे कण तरंगत होते. आणि अंडपेशी? ती चांगली गोल, पहिल्यासारखीच.

हे लिहून ठेवते. याचा अर्थ अजून नीट लागत नाही.

२५ जुलै

पाऊस काल रात्रीपासून थांबायचं नाव घेत नाही. शाळा-महाविद्यालयं बंद. खानापूरच्या बाजूची मैत्रीण अडकून पडलीय. वीज येते-जाते. मी दोन स्लाइड्स आणि घरचा जुना सूक्ष्मदर्शक घेऊन खिडकीशी बसले, आरशावर ढगांचा उजेड घेऊन.

कमी उजेडात एक झालं. अंडपेशीकडे बघणं जमेना, म्हणून नजर कडेला गेली. पुटकाच्या भिंतीचा आतला थर, पोकळीला लागून असलेल्या ग्रॅन्युलोसा पेशी. मी ‘निरोगी’ म्हणून खूण केलेल्या पुटकात त्या थरात काळे ठिपके होते. मोहरीसारखे, गच्च, गोल. आधी मला धूळ वाटली. फोकस वरखाली केला, ठिपके सेक्शनच्या आतलेच. पोकळीतल्या पाण्यातही तसेच सात-आठ. बाजूच्या पेशींची केंद्रकं फिकी, जाळीदार, आणि मध्ये हे आवळून काळे झालेले. थराची वीण सैल पडलेली. पेशी-पेशींमध्ये फटी.

लुगडं उजेडापुढे धरल्यासारखं.

२८ जुलै

भुरी पुन्हा उघडी. बरोबर सोळावा दिवस. चिंगी २२ ला उघडली होती, सतराव्या.

४ ऑगस्ट

सरांना भेटून आले. पत्ता शिपाईकाकांनी दिला. शहापुरातलं जुनं घर, पुढे पडवी, सर पडवीतच बसलेले. वय ऐंशीच्या घरात. पेटीचं नाव काढल्यावर त्यांनी आधी विचारलं, “कडी पितळेचीच आहे ना अजून?”

मी वही दाखवली, १४ आणि ३ चा आकडाही. लपवला नाही. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

“केंद्रक दिसलं तरच मोजायचं, असंच ना?”

“हो सर.”

“आणि ज्याचं केंद्रकच विरून गेलंय, ते कुठं मोजलंस?”

मी गप्प बसले. नियमच असा की जे पुटक पुरतं विरलंय, ज्यातली अंडपेशी तुकडे होऊन नाहीशी झालीय, ते माझ्या मोजणीत येऊच शकत नाही. मोजपट्टीच मेलेल्यांना वगळते आहे. निरोगींचा अंदाज तिने येतो, विरणाऱ्यांचा कधीच नाही. आणि जे नुकतं विरायला लागलंय त्याला मी अंडपेशी बघून निरोगी म्हटलंय. दोन्हीकडून चूक एकाच बाजूला झुकलेली.

सर बोलत राहिले, मी लिहीत राहिले. पुटक लहान असताना, पोकळी येण्याआधी, मरण आधी अंडपेशीला गाठतं, भिंत नंतर जाते. पोकळी आल्यावर क्रम उलटतो. आधी ग्रॅन्युलोसाच्या पेशी मरतात, पाण्यात गळून पडतात. अंडपेशी कितीतरी वेळ तशीच ठणठणीत दिसते. बाहेरचा थीकाचा थर तर उलट फुगतो, पेशी मोठ्या होतात आणि पुढे अंडाशयाच्या गाभ्यात मिसळून राहतात. शेवटी आत तंतू भरतात, आणि त्यात झोनाचं चुरगळलेलं कडं उरतं, काचेच्या बांगडीच्या तुकड्यासारखं. त्या आवळलेल्या केंद्रकांना सरांच्या काळात नुसतं पिक्नोसिस म्हणत. पेशी ठरल्यासारखी स्वतःहून मरते, याला अपोप्टोसिस हे नाव केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये दिलं होतं. बेळगावच्या प्रयोगशाळेपर्यंत ते यायला वेळ लागला, असं सर म्हणाले.

“मग विरलेली मोजायची कशी, सर? केंद्रक नाही, तर एक पुटक एकदाच मोजलंय हे कळणार कसं?”

“सेक्शनामागून सेक्शन त्याचा माग काढायचा. दर दहावं नको, प्रत्येक.”

“पण सेक्शनं काचेवर वेडीवाकडी बसलीयत. कुठलं कुठं जुळवायचं?”

तेव्हा ते हसले. “पांढरी रेघ दिसली नाही तुला?”

चाकूच्या धारेला खाच पडली होती. परजायला टाकला तर आठवडा जाणार, म्हणून त्यांनी तसंच कापलं. प्रत्येक कापात त्याच जागी रेघ उमटली. ती काही दुखापत नव्हे, ती खूणगाठ. प्रत्येक सेक्शन रेघ उभी येईल असं फिरवायचं, रेघेपासून पुटक किती घरं दूर आहे ते मोजायचं, पुढच्या सेक्शनात तिथेच शोधायचं.

निघताना त्यांच्या सूनबाईंनी कुंदा दिला. पाऊस उघडला होता. घरी येईपर्यंत मी एकच हिशेब करत होते, २ ऱ्या दिवसाची किती सेक्शनं पुन्हा बघावी लागतील त्याचा.

७ ऑगस्ट

चिंगी उघडी. सोळा दिवस.

नवा नियम वहीत : पोकळी आलेलं प्रत्येक पुटक रेघेच्या आधाराने या टोकापासून त्या टोकापर्यंत. सर्वांत मोठा छेद येईल तिथे भिंत बघायची. आवळलेली काळी केंद्रकं तीनपेक्षा जास्त असली की विरणारं. विभागणाऱ्या पेशी दिसल्या आणि काळे ठिपके नसले की निरोगी. अंडपेशीची नोंद सगळ्यात शेवटी, निर्णय झाल्यावर.

१४ ऑगस्ट

आज एक गोष्ट सापडली आणि अर्धा तास हात थरथरत होते. १० व्या दिवसाच्या एका पुटकात अंडपेशी एक नव्हती, चार होत्या. झोनाच्या कड्यात चार गोल, भ्रूणाच्या पहिल्या विभागणीसारखे. नर नाही, फलन नाही, अंडाशयाच्या आत भ्रूण?

मॅडमना बोलावलं. त्यांनी शांतपणे ४० वर घेऊन मला म्हटलं, केंद्रकं मोज. चार तुकड्यांपैकी एकात केंद्रक, दुसऱ्यात रंगाचा नुसता डाग, उरलेल्या दोन्हीत काही नाही. आकारही सारखे नाहीत, एक मोठा, एक चिमुकला. भिंत तर केव्हाच गळालेली. विरणाऱ्या पुटकातली अंडपेशी कधीकधी अशी तुकडे होते, दिसायला विभागणी, खरी मोडतोड. गिनी पिगमध्ये हे इतकं ठसठशीत दिसतं की शंभर वर्षांपूर्वी लिओ लोब यांच्यासारख्या संशोधकाने यातल्या काहींना विनाफलन वाढू लागलेली अंडी मानलं होतं. मला त्यांचं पटलं नाही, पण त्यांना तसं का वाटलं ते आज डोळ्यांनी कळलं.

चित्र काढून ठेवलं. पेन्सिलीने, फोटोवर विसंबून नाही.

१८ ऑगस्ट

रविवारी आई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. “एवढं डोळं फोडून काय मोजायलीस?”

तिला दाखवलं. पहिल्यांदाच तिने सूक्ष्मदर्शकात पाहिलं. एक डोळा हाताने झाकून. मी सांगितलं की हजारोंतली दोन-चारच पुटकं पुरी पिकतात, बाकीची मधेच विरतात. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “आपल्यात पण असंच?”

असंच. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अंडपेशी असतात. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख. आयुष्यभरात निसटतात त्या चारशेच्या आसपास. बाकी सगळ्या या अशाच, कुणाला न कळता.

“मग माझी पाळी गेली ती…”

“संपत आली म्हणून गेली. झीज काही तुझ्या कामाने झाली नाही.” तिला बायकांनी सांगून ठेवलं होतं की माग चालवून लवकर गेली. मी तिला हे ठामपणे सांगितलं, कारण तेवढं मला नक्की माहीत आहे की हे विरणं आईच्या पोटात असल्यापासूनच सुरू झालेलं असतं. ती पुन्हा एकदा आयपीसला डोळा लावून बसली.

२५ ऑगस्ट

२ ऱ्या दिवसाचं डावं अंडाशय, नव्या नियमाने, पहिल्यापासून.

निरोगी ४. विरणारी १९.

जुने १४ होते त्यांतले दहा भिंतीवरून विरणारे ठरले. तीन आधीचे. आणि सहा असे, जे पहिल्या मोजणीत आलेच नव्हते, कारण त्यांत अंडपेशीच उरली नव्हती. लोब यांनी १९११ मध्ये गिनी पिगच्या अंडाशयाच्या चक्राबद्दल हेच लिहिलंय : माज होऊन अंडपेशी निसटल्या की त्या सुमाराला लहान सोडून बाकीची पुटकं विरायला लागतात आणि नवी तुकडी खालून वर येते. ते वाचलेलं होतं. वाचूनही १७ जुलैला मी १४ लिहिले होते.

निरोगी चारही लहान आहेत, पोकळी नुकती कुठे चिरलेली.

२९ ऑगस्ट

काल भुरी उघडी, पंधरा दिवसांनी. चिंगी २३ ला, सोळाव्या.

६ व्या, १० व्या दिवसाचं काम भराभर झालं, हात बसलाय. ६ व्या दिवशी मध्यम पुटकं दिसतात, भिंत दाट, विभागणाऱ्या पेशी भरपूर. १० व्या दिवशी पीतपिंड टपोरं, पुटकं मिसळीची. १४ व्या दिवशी, ज्या स्लाइड्स विहिरीच्या पाण्याने वाचल्या त्यांत, पीतपिंड ओसरू लागलेलं आहे. गिनी पिगमध्ये गर्भाशय स्वतःच पीतपिंडाला आवरतं घ्यायला लावतं. गर्भाशय काढलं तर पीतपिंड कितीतरी जास्त काळ टिकतं, हेही लोब यांनीच १९२३ मध्ये दाखवलं. संदेश नेणारं द्रव्य प्रोस्टाग्लँडिन आहे हे फार नंतर कळलं.

१६ व्या दिवशी दोन पुटकं सगळ्यांच्या वर गेलेली. जवळपास मिलिमीटरभर. त्यांच्या भिंतीत काळा ठिपका नाही. त्यांच्या शेजारची, थोडी मागे पडलेली, ठिपक्यांनी भरलेली. पिट्यूटरी ग्रंथीचं एफएसएच, म्हणजे पुटकं वाढवणारं संप्रेरक, कमी होत जातं तेव्हा ज्यांची भिंत मोठी आणि ग्रहणक्षम झालीय ती तग धरतात, बाकीच्यांना पुरत नाही. पुस्तकातलं हे वाक्य मी अनेकदा लिहिलंय परीक्षेत. एका सेक्शनात दोन्ही बाजूबाजूला बघणं निराळं.

७ सप्टेंबर, गणेशचतुर्थी

काम नाही. सकाळी फक्त आत्याकडे जाऊन आले. दोघीही बंद. आत्याने दूर्वा निवडून उरलेल्या त्यांना घातल्या.

१४ सप्टेंबर

भुरी काल उघडी. सोळा दिवस. चिंगी ८ ला. तिची चक्रं : १७, १६, १६, १६. भुरीची : १६, १६, १५, १६.

सरांना पहिला मसुदा नेऊन दिला. त्यांनी कोष्टकात एकच बदल सुचवला : ‘विरणारी’ हा रकाना दोन करा, ‘अंडपेशी शाबूत’ आणि ‘अंडपेशी नाही’. म्हणजे पुढच्याला कळेल की जुन्या नियमाने नेमकं कुठे चुकतं. ते केलं. २ ऱ्या दिवसासाठी १३ आणि ६. जुन्या मोजणीतले तीन विरणारे होते त्यांचं केंद्रक तेव्हा दिसलं होतं, म्हणून ते शाबूतमध्ये.

२० सप्टेंबर

अहवाल गेला. पेटी परत कपाटात. नव्या ४ डांबरगोळ्या, बुरशीसाठी सिलिकाच्या पुड्या. सेक्शनं सुटून गेलेल्या दोन स्लाइड्सच्या जागी रिकाम्या काचा ठेवल्या, त्यांवर तारीख आणि ‘पुन्हा रंगवताना गेल्या’ असं लिहिलं. झाकणाच्या आत, सरांच्या जुन्या लेबलाखाली, नवं लेबल चिकटवलं :

‘सर्व सेक्शनांत चाकूच्या खाचेची पांढरी रेघ आहे. जुळवणीसाठी ती उभी धरावी. पुटक मोजताना भिंत आधी बघावी.’